काकूंच्या वाट्याचं सूप

"यात सूप कुठं असतं हो? मला तर आजवर एकदाही लागलं नाही," काकू काकांना म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीमागे आल्याच्या काड्यांची वाटी घेऊन उभी होते.

"हळू बोल. त्या मुलीला ऐकू जाईल," काका म्हणाले.

"जाऊ दे की. तिला कुठं मराठी येतंय? मंगलोरची असावी."

"मला केरळची वाटते."

"छे. केरळच्या मुलींचे केस बघा आणि हिचे बघा," काकूंनी निकाल दिला आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या. मीही हसले. वाटी टेबलावर ठेवली, "एनिथिंग एल्स, मॅम?" एवढं विचारलं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन माझे केस चाचपून पाहिले.

मी मंगलोरची नाही आणि केरळचीही नाही. आई डोंबिवलीची, बाबा चिपळूणचे, आणि मी मस्कतची. वादी कबीरच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी कुणी कुणाशी बोलत नसे. मराठी घरी होती, परीक्षा नसलेल्या विषयासारखी: समजायची सगळी, पण तोंड उघडायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर येऊन थांबायचं. इंग्रजीतही मी फार बोलते असं नाही. त्यामुळे आईच्या मैत्रिणीने मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुझ्या कामाबद्दल लिही" असं सांगितलं, तेव्हा आधी मी दचकले. मग लक्षात आलं की बोलायचं नाही, फक्त लिहायचं आहे. म्हणून हो म्हणाले. या लेखातली मराठी माझी आहे, ऱ्हस्व-दीर्घ आईचे आहेत.

मी अल खुवैरमधल्या एका तैवानी डंपलिंगच्या रेस्टॉरंटमध्ये काम करते. ऑर्डर घेणं, पदार्थ आणून देणं, आणि गिऱ्हाइकाला काय खावं ते सुचवणं हे माझं काम. लाजाळू माणसाने हे काम का धरलं, असं बाबा अजून विचारतात. हॉटेल मॅनेजमेंट शिकताना मला वाटलं होतं की त्यात मॅनेजमेंट जास्त असेल आणि माणसं कमी.

छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त "रिया" लिहिलेलं आहे. हे नाव फार सोयीचं आहे. केरळपासून मनिलापर्यंत कुठलंही वाटू शकतं. मराठी कुटुंब आलं की मी ओळख देत नसे. एकदा दिली होती. "अय्या, मराठी का! आडनाव काय? मूळ गाव? बाबा कुठल्या कंपनीत? एवढी शिकलीस आणि हॉटेलात?" हे सगळं होईपर्यंत त्यांच्या नूडल्सचा गोळा झाला आणि माझी शिफ्ट संपली. त्यानंतर मी इंग्रजीच्या आड राहायला लागले. त्याचा एक फायदा असा की माणसं माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. मस्कतमधल्या किती मराठी घरांत सासू कधी परत जाणार याची वाट बघतात, ते मला ठाऊक आहे. काळजी नसावी, या लेखात ते येणार नाही.

आता आमच्या पदार्थांबद्दल. मेनूच्या पहिल्या पानावर "हे खाल्ल्याशिवाय जाऊ नका" अशा अर्थाची ओळ आहे आणि खाली फोटो आहेत. तिखट लाल तेलातले वाँटन, म्हणजे सारण भरून उकडलेल्या छोट्या पुरचुंड्या, आपल्या लोकांना पहिल्या घासातच आवडतात. तर्री ओळखीची वाटते. वाँटन संपले की वाडग्यात तेल उरतं, आणि मग हमखास विचारणा होते, "पोळी मिळेल का?" कांद्याच्या पातीचा पराठा मुलांसाठी मागवतात आणि मोठेच संपवतात. त्याच्याबरोबर एका बाईंनी पर्समधून लोणच्याची बाटली काढली होती. मी दुसरीकडे बघितलं, पण वास छान होता. लाल घेवड्याचं गोड सारण भरलेला बाव, म्हणजे वाफवलेला मऊ पाव, शेवटी खायचा. पुरणाची आठवण येणं साहजिक आहे, पण कृपया तूप मागू नका. बीफ नूडल सूप हा तैवानचा मानाचा पदार्थ, पण मराठी टेबलावर मी मेनू देतानाच त्या फोटोवर अलगद अंगठा ठेवते. चतुर्थीला येऊन "उपवासाचं काय आहे?" विचारणाऱ्यांना मी गरम पाणी आणि चहा दाखवते.

आणि सगळ्यांत वर, मोठ्या फोटोत, सूप डंपलिंग. हे टेबलावर आल्यावर प्रत्येक मराठी घरात कुणीतरी म्हणतं, "अगं, हे तर मोदकच!" कोण म्हणणार यावर मी मनातल्या मनात पैज लावते. बहुतेक वेळा आत्या जिंकते.

पण हे मोदक नाहीत, कारण मोदक वाट बघू शकतो. नैवेद्य होईपर्यंत, आरती होईपर्यंत, शेजारचे येईपर्यंत तो शांत बसून राहतो. सूप डंपलिंगला वाट बघणं जमत नाही. त्याच्या आत खरोखरच सूप असतं. ते कसं भरतात, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथेच सांगते. कोंबडीचे पाय आणि हाडं मंद आचेवर बराच वेळ उकळायची. तो रस गाळून थंड केला की त्याची जेली होते. ती बारीक चिरून खिम्याच्या सारणात मिसळायची, मधे जाड आणि कडेला पातळ अशा पारीत भरायची, चुण्या घालून वर शेंडी काढायची. बांबूच्या टोपलीत वाफवलं की आतली जेली वितळते आणि सूप होतं. टोपली टेबलावर आली की लगेच खायचं. चॉपस्टिकने शेंडीला धरून उचलायचं, चमच्यात ठेवायचं, बाजूला छोटं भोक पाडायचं, आधी सूप प्यायचं, मग आलं आणि व्हिनेगर घालून बाकीचं. उशीर केला तर पारी सुकते, बुडाला चिकटते, उचलताना फाटते, आणि सूप बांबूच्या फटींतून खाली जातं. मग हातात राहतं ते फक्त कोंबडीचा खिमा बांधलेलं ओलं फडकं.

एकदा मस्कतच्या हमरिया वस्तीत एकत्र राहणारे चार कोकणी गृहस्थ आले. वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि त्यांच्यातल्या एकाला फोरमन केलं होतं, त्याची पार्टी होती. फोरमनने नवा पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी टोपलीत वाकून पाहिलं.

"ह्येच्यात पाणी कसा भरल्यानी रे?"

"इंजेक्शन देत असतले."

एकाने अख्खं तोंडात टाकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गीळ मेल्या, गीळ!" बाकीचे ओरडले. दुसऱ्याने ते पाहून सावधपणे दाताने चावलं, तर चिळकांडी समोर उडाली.

"माझो नवो शर्ट!" फोरमन उठून उभा राहिला.

त्याने मला हाक मारली, "मॅडम, ये कैसे खाने का?" मी टेबलावरच्या चित्रांच्या कार्डाकडे बोट दाखवलं. त्याने कार्ड पाहिलं, मला पाहिलं, आणि मित्रांना हळूच म्हणाला, "बिचारी मुकी आसा काय रे?"

त्यानंतर ते चौघं माझ्याशी खाणाखुणांनी बोलले. जाताना फोरमनने दोन्ही हात जोडून, मोठ्याने आणि सावकाश "थँक यू" म्हटलं. त्यांचा गैरसमज दूर करायची वेळ तोवर निघून गेली होती.

एक ओमानी आजोबा महिन्यातून एकदा इब्रा गावाहून मुला-नातवंडांसह येतात. गाडीतून स्वतःचा काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा आणतात. बाहेरचे पदार्थ आणायला बंदी आहे, पण आमचा मॅनेजर खालिद नेमका तेव्हाच मागे काहीतरी शोधायला जातो. खालिदही ओमानी आहे, रुवीतल्या बाजारात शिकलेलं हिंदी माझ्याहून चांगलं बोलतो. हे इब्राचे आजोबा टेबलावर काही आलं की आधी डबा माझ्यासमोर धरतात. मी खजूर उचलेपर्यंत हात मागे घेत नाहीत. "वाढणाऱ्याच्या तोंडात आधी," असं काहीतरी ते अरबीत म्हणतात, असं खालिदने सांगितलं. मला ते विचित्र वाटायचं. आमच्या घरी वाढणाऱ्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

मला ज्या जागेचा हेवा वाटायचा ती या सगळ्याच्या पलीकडे होती. रेस्टॉरंटच्या एका भिंतीला मोठी काच आहे. काचेच्या आत पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं लांब टेबलाभोवती बसून पाऱ्या लाटतात, सारण भरतात, चुण्या घालतात. गिऱ्हाईक बाहेरून बघतं, मुलं काचेला नाकं लावतात. पण आतल्यांना कुणी काही विचारू शकत नाही. आवाजच जात नाही. माझ्या मते मस्कतमधली ती सर्वांत सुंदर नोकरी होती.

त्या टेबलाच्या प्रमुख आमच्या शिफू. कारागिरीतल्या गुरूला तिकडे शिफू म्हणतात. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. तैवानहून आलेल्या, साठीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या उंचीच्या. हातातलं लाटणं बोटभर जाडीचं, आणि त्या ते पारीपेक्षा माणसांकडे रोखण्यासाठी जास्त वापरतात.

एका जूनमध्ये आमचा एसी बंद पडला. मस्कतचा जून ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सारणातली जेली वितळायला लागली. पारीत चमचा ठेवला की सारण बाजूने पळून जायचं. शिफूंनी क्षणभर विचार केला आणि अख्खं टेबल उचलून शीतगृहात नेलं. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, आणि आत सगळे जॅकेटं घालून, नाकं पुसत चुण्या घालताहेत. खालिदने घरून युरोपच्या सहलीसाठी घेतलेला गुडघ्यापर्यंतचा कोट आणला. बाहेरच्या हॉलमध्ये गिऱ्हाईक थांबेना, म्हणून शिफूंनी मला त्या कोटात घातलं आणि टेबलाशी बसवलं.

माझं पहिलं डंपलिंग त्यांनी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. "हे डंपलिंग नाही. ही बाजाराची पिशवी आहे."

पण दुपारपर्यंत पिशव्यांची शेंडी निघायला लागली. कुणी बोलत नव्हतं, बोटं चालू होती, तोंडातून वाफ येत होती. मला एवढं शांत आणि आनंदी वाटल्याचं त्याआधी आठवत नाही. एसी दुरुस्त झाला याचं मला वाईट वाटलं. त्यानंतर जेवणाच्या सुटीत मी पेपर नॅपकिनला चुण्या घालत बसायची. खालिद म्हणायचा, "यल्ला रिया, नॅपकिन भी खिलाएगी क्या?"

मग शिफूंच्या टेबलावरची मारिसेल कायमची फिलिपीन्सला परत जाणार असं कळलं. काचेआडची एक खुर्ची रिकामी होणार होती. मी धीर करून शिफूंकडे गेले.

"ती जागा मला मिळेल का?"

"काय?"

"ती जागा. मला."

"काय?" त्यांनी कान पुढे केला. शेवटी मी खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं, नखं तपासली आणि "बघू" म्हणाल्या. शिफूंचं "बघू" हे खालिदच्या "इन्शाल्ला"पेक्षा बरं असतं, एवढीच मला आशा होती.

नेमकं त्याच दिवसांत काकूंचं सूप मधे आलं.

हे कुटुंब दर शुक्रवारी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर येतं. काका, काकू, काकांचे वडील आणि दोन मुलं. काकूंचं जेवण मी इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटून सांगू शकले असते. टोपली आली की त्या ती स्वतःकडे ओढतात. पहिलं डंपलिंग आजोबांना. त्यांचं तोंड भाजू नये म्हणून काकू ते फोडून, सूप फुंकून चमच्यात देतात. मग काका. मग धाकटा, त्याला व्हिनेगर नको. मग थोरला अथर्व, तो हात धुवायला गेलेला असतो, त्याच्यासाठी सगळे थांबतात. मग आजोबांना आणखी एक. सगळ्यांची पानं भरली की काकू म्हणतात, "हं, करा सुरुवात," जी इतरांनी केव्हाच केलेली असते. मग त्या टोपलीच्या तळाला चिकटलेलं शेवटचं डंपलिंग ओढतात. ते फाटतं. सूप बांबूतून खाली जातं. काकू ते खातात आणि म्हणतात, "काही विशेष नाही बाई. कोरडं आहे."

दर शुक्रवारी मला हे दिसायचं, आणि दर शुक्रवारी मी विचारायची, "एनिथिंग एल्स, मॅम?"

मग एका शुक्रवारी काकांनी खालिदला बोलावून इंग्रजीत सांगितलं, "माय वाइफ सेज देअर इज नो सूप." खालिदने ते काचेआड पोचवलं. शिफूंचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या आईबद्दल काही बोललं. त्यांनी आपल्या टेबलावरच्या प्रत्येक कारागिराचं डंपलिंग फोडून पाहिलं. सगळ्यांत सूप होतं. पुढच्या शुक्रवारी खिडकीजवळच्या टेबलाची टोपली त्यांनी स्वतः भरली. तरी तेच: कोरडं. जायच्या तोंडावर मारिसेल रडकुंडीला आली, कारण शिफू आता तिच्या चुण्या बारकाईने बघायला लागल्या होत्या.

मला राहवलं नाही. मी आत गेले आणि खालमानेने सांगितलं की डंपलिंग गळत नाही, त्या बाई सर्वांत शेवटी खातात.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"आणि तू तिला काय म्हणालीस?"

"एनिथिंग एल्स, मॅम."

शिफूंनी लाटणं माझ्याकडे रोखलं. "माझं डंपलिंग तुझ्या डोळ्यांसमोर मरतं आणि तू बघत राहतेस? मला सांगून काय उपयोग? मी खाते का ते? तुला वाटतं काचेच्या आत बोलायला लागत नाही. इथे शेजारचा वाईट चुणी घालतो तेव्हा तोंड उघडावं लागतं. जा, त्या बाईला सूप मिळू दे. तुझ्या तोंडाने. मग ये खुर्चीवर बसायला."

"तुझ्या तोंडाने" ही अट मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. पुढच्या शुक्रवारी टोपली थेट काकूंच्या पुढ्यात ठेवली, शेंड्या त्यांच्याकडे करून. त्यांनी ती आजोबांकडे फिरवली. मग मी त्यांच्यासाठी वेगळी छोटी टोपली आणली. "अय्या, ही जास्तीची आली वाटतं! घे रे अथर्व," म्हणत त्यांनी तीही वाटून टाकली. एकदा इंग्रजीत सुरेख अक्षरात कार्ड लिहून ठेवलं: ताबडतोब खावे, सूप निवते. काकांनी चष्मा लावला, ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्याचा मराठीत अर्थ सांगितला, मग आजोबांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितला. तोवर सूप निवलं.

शेवटी मी खालिदला पुढे केलं. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर, आज मॅडम पहले."

काका खळखळून हसले. "अरे भाई, मॅडम हमेशा लास्ट! हमारे में ऐसाही है."

काकूही हसल्या. मग खालिद परत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तुम्हाला बरं आहे, ऐसाही है." ते फक्त मी ऐकलं.

हे घडत असताना सुटीच्या दिवशी मी घरी आईला विचारलं, "गिऱ्हाइकाला मराठीत कसं म्हणायचं, की आधी तुम्ही खा?"

आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. मी आणि बाबा टेबलावर जेवत होतो. तिने लाटणं थांबवून विचार केला. तिला मराठीबद्दल कुणी विचारलं की ती एकदम शाळेच्या स्नेहसंमेलनात जाते. "असं म्हण: कृपया आपण प्रथम आस्वाद घ्यावा."

"आई, असं कोण बोलतं?"

"मग तू विचारू नकोस," ती म्हणाली आणि गरम पोळी बाबांच्या ताटात टाकली. पुढची माझ्या.

"तू बस ना आता," मी म्हणाले. म्हणजे मनात म्हणाले असावं, कारण तिने ऐकलं नाही.

"आणखी एक घे," ती म्हणाली. "तुम्ही जेवा निवांत. मी वाढते."

आमचं जेवण झाल्यावर ती बसली. डब्यातली सर्वांत खालची पोळी तिच्या वाट्याला आली. कडेला वाफेच्या घामाने ओली, मधे थंड. मी ते याआधी कधी पाहिलंच नव्हतं असं नाही. पण दर शुक्रवारी दुसऱ्यांच्या टेबलाशी उभं राहिलं की नजर तयार होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी मारिसेलची खुर्ची रिकामी होती. शिफूंनी दुबईहून कुणाला तरी बोलवायचं ठरवलं आहे, असं खालिदने सकाळीच सांगितलं. "तेरे पास आज का दिन है," तो म्हणाला, "उसके बाद खलास." मी दिवसभर स्वतःशी पुटपुटत होते. कृपया आपण प्रथम. कृपया आपण.

ते आले. खिडकीजवळ बसले. मी पाणी ओतत असताना काकू म्हणाल्या, "ऐका ना, पुढच्या वेळी आपण रुवीत डोसे खायला जाऊ. तुम्हाला आवडतं म्हणून येते मी, पण इथं मला काही पोचतच नाही."

"जशी तुझी इच्छा," काका म्हणाले. त्यांचा मेनू आधीच उघडलेला होता.

मी काचेकडे पाहिलं. शिफू लाटणं हातात धरून माझ्याकडेच बघत होत्या. टोपली तयार झाली तेव्हा त्यांनी ती स्वतः काचेतल्या छोट्या खिडकीतून माझ्या हातात दिली. आणि भुवई वर केली.

मी टोपली टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. वाफ वर गेली. काकूंचा हात सवयीने पुढे आला, पण तोवर मी चॉपस्टिकने पहिलं डंपलिंग शेंडीला धरून उचललं होतं. ते खाली ताणलं गेलं, पोटात सूप हललं, फाटलं नाही. मी ते चमच्यात ठेवलं, वर आल्याच्या दोन काड्या टाकल्या आणि चमचा काकूंच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, घ्या," म्हणत काकूंनी न बघताच तो चमचा आजोबांकडे सरकवला.

"अथर्वला येऊ दे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी तो काकांकडे सरकवला.

"मला मोबाईल ठेवू दे," काका म्हणाले. चमचा परत निघाला.

तो टेबलाच्या मध्यावर असताना मी त्यावर हात ठेवला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑर्डर घेणाऱ्या मुलीने असा हात घालायचा नसतो, हे मलाही माहीत होतं. "मॅम," मी म्हणाले, आणि पुढचं इंग्रजी कुठे गेलं ते कळलं नाही. आस्वादही गेला, प्रथमही गेलं. चमच्यातून वाफ येत होती, आणि ती कमी कमी होताना मला दिसत होती. मी चमचा उचलला आणि पुन्हा काकूंच्या पुढ्यात ठेवला.

मग आवाज आला. माझाच होता, पण ठरवल्यापेक्षा बराच मोठा निघाला. काउंटरवर खालिदने मान वर केली. काचेआड लाटणं थांबलं. काकूंचं तोंड उघडंच राहिलं, आणि एका परीने ते बरंच झालं.

"काकू, हे पहिलं तुमचं. तुम्ही खा निवांत. बाकीच्यांना मी वाढते."